दोन वर्षांनी पुन्हा खड्या उतारावर

मंडळी, आत्ताच डोंगरावरून खाली आलेय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भीतीने बंद केलेलं, पण दोन वर्षांनी आज कोलोरॅडोत बर्फावरून घसरत जायचा माझा लाडका स्टिफ स्नोबोर्ड बाहेर काढला. हा बोर्ड सहजी वाकत नाही, पायात जोर नसेल तर वळतही नाही. पण खड्या उतारावर बर्फ घट्ट धरून ठेवतो.

वरून खाली पाहिलं आणि बोर्डचा पट्टा आवळता आवळता थांबले. लेक सई म्हणाली, "आई, वी कॅन टेक द इझी वन."

"नको. तू हो पुढे, मी येते."

पहिल्याच वळणाला आपटले. उठले. पुढच्या वेळी घाबरून मागे न रेलता वजन पुढे टाकलं, आणि बोर्ड वळला! मग थेट खालपर्यंत थांबलेच नाही.

सईने अशी मिठी मारली की हेल्मेटवर हेल्मेट आदळलं.

भीतीने सोडलेलं काय तुम्ही पुन्हा सुरू केलंत?