मावशींची वीस मिनिटं

दुपारचा दीड वाजला की मावशी हातातली शेवटची बाटली पालथी घालायच्या, पदराला हात पुसायच्या आणि लॅबभर एकदा नजर फिरवून म्हणायच्या, "आता मी न्हाई."

म्हणजे असून नाही. मोबाईल टेबलावरच ठेवून त्या मागच्या सामानाच्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि खिडकीपाशी स्टुलावर बसायच्या. बरोबर वीस मिनिटं. तुमच्याही कामाच्या जागी असं कुणीतरी असेल, ज्याच्या वेळेवर बाकीचे हसतात आणि घड्याळही लावतात.

संगमनेरजवळच्या एका दूध डेअरीत मी तेव्हा नवी लागले होते. गावोगावच्या दुधाचे नमुने लॅबमध्ये यायचे. त्यातली फॅट तपासायची हे माझं काम. नमुने आणणं आणि बाटल्या धुणं हे मावशींचं. वयानं त्या सगळ्यांत मोठ्या, हुद्द्यानं सगळ्यांत लहान. त्यांचं ते दार लोटून बसणं मला सुरुवातीला जरा आपमतलबीपणाचंच वाटायचं.

एकदा त्यांच्या त्या वेळातच कूलिंग बंद पडलं. टँकर खोळंबले, दूध नासायची वेळ आली. मी दारावर थाप मारली. मावशी एका शब्दानंही कुरकुरल्या नाहीत. पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत नमुने घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दीडला आत गेल्या त्या सव्वादोन वाजत आले तरी बाहेर नाहीत. लॅबचे साहेब दारापाशी येऊन खाकरले.

"कालची बाकी हुती, साहेब," आतून आवाज आला. "झाली आता."

साहेबांनाही हसू आवरलं नाही.

आत काय करता, असं मी एकदा विचारलंच. खिडकीबाहेर उसाचं रान होतं. वाऱ्यानं ते पाण्यासारखं हलायचं. त्याच्याकडे बघत मावशी म्हणाल्या, "मिरजगावला जाते."

"म्हणजे?"

"माह्येर हाय माजं. फाट्यावर उतरते आन चालाय लागते. रोज थोडं थोडं. काल चिंचंपर्यंत गेल्ते, आज हिरीपाशी बसले. पाण्यात पाय सोडून."

"मग खरंच जाऊन या की, मावशी."

"रस्ता रुंद केला तवा घर गेलं, हीर बुजवली. तिथं आता पेट्रोलपंप हाय." त्या सहज म्हणाल्या, चहात साखर कमी आहे असं म्हणावं तशा. "म्हनून हितनंच जाते."

त्यानंतर मीही रोज विचारायची, "आज कुठपर्यंत?" कधी उत्तर यायचं, "बोरीपाशी." कधी, "आज वाटंतच झोप लागली, बाई."

पुढे मला मुलगी झाली. रजा संपवून परत आले तेव्हा ती पाच महिन्यांची होती, घरी सासूबाईंजवळ. दुपार झाली की छाती दगडासारखी भरून यायची, ठणकायची. मावशी सोडल्या तर लॅबमध्ये बाकी सगळे पुरुष. सांगणार कुणाला? अ‍ॅप्रन ओला झाला की मी छातीशी रजिस्टर धरून फिरायची. समोर दुधाच्या टाक्याच्या टाक्या भरलेल्या, नळ्यांमधून दूध खळाळतंय आणि माझं दूध असं चोरासारखं लपवायचं. तापानं अंग कणकणलं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, नोकरी सोडायची.

मावशींनी माझ्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं. "हे आज सकाळपासनं उघडलं न्हाई तू," त्या म्हणाल्या. मग ओल्या अ‍ॅप्रनकडे पाहिलं. मला रडू फुटलं.

"मावशी, तुमच्या वेळात ती खोली मला द्याल?"

"न्हाई."

मी अ‍ॅप्रनच्या बाहीनं डोळे पुसले.

"माजा येळ मी देनार न्हाई, पोरी. तो दिला तर मी घरी जाऊन सुनंवर खेकसते. मला म्हाईत हाय ना मी कशी हाय." मग माझा दंड धरून म्हणाल्या, "तुज्यासाठी दुसरा मागू. चल."

मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी मला साहेबांसमोर उभं केलं. "साहेब, ह्यांचं लेकरू अंगावर पितंय. दुपारी एकला ह्यांना ती खोली लागंल, वीस मिनिटं. तवर मी नमुने मांडून ठिवते. काम आडायचं न्हाई."

साहेबांचे कान लाल झाले. कॉम्प्युटरकडे बघत ते म्हणाले, "हो हो, घ्या ना. आधी सांगायचं की."

एवढंच होतं ते. त्या एवढ्याशासाठी मी नोकरी सोडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवसापासून एक वाजला की मी वाटी घेऊन दूध पिळायला आत. आत ऊन तिरपं यायचं, ऊस सळसळायचा, मशीनची घरघर लांब कुठंतरी गेल्यासारखी वाटायची. दुखणं हळूहळू उतरायचं आणि डोळे मिटले की मुलीच्या जावळाचा वास यायचा. मावशी दाराशी नमुन्यांचा ट्रे मांडीवर घेऊन चिठ्ठ्या लावत बसायच्या. कुणी आलं तर म्हणायच्या, "आत काम चालू हाय." मी बाहेर आले की माझ्याकडे निरखून बघायच्या. "आलं का हलकं?" मी मान हलवली की कामाला लागायच्या.

मुलगी वर्षाची झाली, माझी गरज सरली. पुढं पॅकिंग विभागात एक नवी बाई बाळंतपणाहून आली, तेव्हा तिला साहेबांकडे मी घेऊन गेले. मावशी लांबून बघत होत्या.

मग त्या निवृत्त झाल्या. श्रीरामपूरला लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा मी स्टँडवर पोचवायला गेले. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. इतक्यात दोन गच्च पिशव्या घेऊन एक बाई चढली आणि म्हणाली, "ओ आजी, जरा इकडे सरकता का? मला गाडी लागते, खिडकी द्या."

"मला बी लागते, बाई," मावशी म्हणाल्या. "निम्म्या वाटंत बदलू. तवर पिशव्या दे हिकडं माज्या मांडीवर, तू नीट बस."

गाडी हलली. पिशव्यांच्या वर मावशींचा फक्त चेहरा दिसत होता. वाऱ्यानं त्यांचे डोळे मिटले होते.