माफ झालं ते कोणाचं?

समजा, तुमच्यापुढे टेबलावर पुरुषभर उंचीची काच आडवी ठेवली आहे आणि तुम्हाला तिचा आरसा करायचा आहे. आधी ती बारीक पावडरने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. कोरडी झाली की वाकून तिच्यावर हलकेच श्वास सोडा, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर सोडावा तसा. वाफ सगळीकडे सारखी पसरली तर काच तयार. कुठे वाफेचा थर तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग चांदीचं पाणी ओता. ते आधी तपकिरी होईल, गढूळ होईल, तुम्हाला वाटेल, बिघडलं सगळं. घाई करू नका. त्या गढूळ पाण्यातून हळूहळू छत वर येईल, मग दिवा, मग तुमचं स्वतःचं नाक.

आरसेभाऊ तीस वर्षं हे करत आले आहेत. खरं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलंय. त्यांच्या कारखान्यात दुपारी शिरलं की आपण कुठल्या खोलीत आहोत तेच कळत नाही. भिंतीला टेकलेल्या दहा आरशांत दहा खिडक्या असतात आणि प्रत्येकीत एकच ढग निवांत सरकत असतो.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी एका सलूनचे आरसे बसवले. मालक खूश झाला, त्याने आग्रहाने पाजली. भाऊ पिणारे नव्हेत, पण भिडेला पडले. संध्याकाळी व्हॅन घेऊन निघाले. दिवे लागायच्या वेळी रस्ता त्यांना लांबच लांब आरशासारखा दिसत होता. त्या चकाकीत वळणावरची बाई दिसलीच नाही.

बाई वाचली. उजवा पाय मात्र गुडघ्यातून कायमचा आखडला. पोलिसाने भाऊंपुढे नळी धरली.

"फुंका."

भाऊंनी फुंकलं. पंचवीस वर्षांच्या सवयीने, हलकेच.

"काका, जोरात! पिसं उडवताय का?"

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. श्वासाला दुसरी चाल ठाऊकच नव्हती. चौथ्या वेळी यंत्राने आकडा दाखवला, पण तोवर पोलिसाने कागदावर 'चाचणीस टाळाटाळ' असं लिहून टाकलं होतं. त्या दोन शब्दांनी तीन वर्षांचा दंड सात वर्षांचा झाला. दरवर्षी ठरलेली रक्कम भरायची, एक वर्ष चुकलं तर लायसन कायमचं रद्द. आणि व्हॅन नाही तर भाऊंचं काम नाही. आरसा दुसऱ्याच्या गाडीतून पाठवला तर पोचेपर्यंत त्याचे चार होतात.

"त्याच आठवड्यात तो फरशीच्या कारखान्याचा मालक पकडला गेला होता," बायको दर वर्षी म्हणायची. "त्यालाही हीच रक्कम. तो ती खिशातल्या चिल्लरीतून देतो आणि आपण घरातला पंखा विकतो. ही कसली बरोबरी?"

"पाय त्याने मोडला नाही, मी मोडलाय," भाऊ म्हणायचे. "त्या बाईला पैसे जातात ना, मग जाऊ देत."

ही समजूत त्यांनी चार वर्षं उराशी धरली होती. पैसे भरून आले की त्या दिवशी त्यांना शांत झोप लागायची. झोपेत एक बाई सरळ पायांनी आरशातून चालत जायची.

पाचव्या वर्षी काम मंदावलं आणि रक्कम जमेना. दंडाच्या कचेरीत एक सोय होती. कमाई कमी असेल तर सवलतीचा अर्ज करता येई, फक्त एकदाच. अर्जात जखमी व्यक्तीचं म्हणणं जोडावं लागे. भाऊ त्या बाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

ती शिवणकाम करायची. मशीन डाव्या पायाने चालत होतं, उजवा पाय स्टुलावर सरळ ठेवलेला. भिंतीवर अर्धवट शिवलेले कपडे लटकत होते, अजून कोणाचेच नसलेले.

"ओळखलं मी," ती म्हणाली. "बसा. त्या गाठोड्यावर नको, लग्नाचे ब्लाउज आहेत त्यात. नवरी मला शिव्या घालेल."

भाऊ कोपऱ्यातल्या पेटीवर बसले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमचे पैसे कमी होतील. म्हणून आधी तुम्हाला विचारायला आलो."

मशीन थांबलं. "कुठले पैसे?"

"मी दरवर्षी भरतो ते."

"दवाखान्याचं बिल विम्याने दिलं, तेवढंच. त्यानंतर फुटकी कवडी नाही आली." ती हसायला लागली. "म्हणजे चार वर्षं तुम्ही माझ्या नावाने भरताय आणि मला पत्ताच नाही? भाऊ, निदान एक पत्र तरी टाकायचं!"

"मला वाटलं, तुम्हाला तोंड दाखवू नये."

"आरसे विकणारा माणूस तोंड लपवतोय. कमाल आहे." तिने दोरा दातांनी तोडला. "आणा इकडे कागद. राग नाही असं लिहिणार नाही हं. आहे तो. पण तुमचं दुकान बुडून माझा गुडघा वाकणार नाही, एवढं लिहिते."

तिने तेवढंच लिहिलं.

कचेरीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. भाऊंनी विचारलं, "साहेब, सवलत नको. उरलेल्या तीन वर्षांचे पैसे हळूहळू भरतो, पण ते त्या बाईंना देता येतील का?"

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने अर्ज उलटून पाहिला, न जाणो मागे असला तर. "सवलत मागा नाहीतर जाऊ द्या. आज शेवटचा दिवस आहे."

भाऊंच्या डोळ्यांपुढे व्हॅन आली, बायको आली, पंख्याचा रिकामा हूक आला. त्यांनी सवलतीसमोर खूण केली.

महिन्याने पत्र आलं. तिन्ही वर्षांची रक्कम निम्मी झाली होती. बायकोने पत्र कपाळाला लावलं. भाऊंनाही हायसं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या दुपारी ते कारखान्यात नुसते बसून राहिले. दहा खिडक्यांतून ढग सरकत होता. शिवणवाल्या ताईंना काय सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत होते, आणि प्रत्येक वाक्य एकाच जागी अडत होतं.

ज्या कचेरीचं भाऊंनी काहीच मोडलं नव्हतं तिने निम्मं माफ केलं. मग जिचं मोडलं होतं, तिच्या वाटचं माफ कोणी करायचं, आणि ते भरायचं तरी कुठल्या खिडकीत?