हाशम सोलकरचं कोकम प्रकरण

अरबांच्या मुलखात, राबिघच्या रिफायनरीत हाशम सोलकर रिगर होता. क्रेनला टांगलेलं चाळीस टनांचं धूड नुसत्या हाताच्या खुणांवर तो असं खाली उतरवायचा, की खालच्या बोल्टांना कळूसुद्धा नये. पण रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की याच हाशमची चप्पल हटकून तुटायची. मग तो खाली वाकून ती नीट करत बसायचा आणि गाडी लांब गेली की उठायचा. पायात सेफ्टी शूज असले तरी चप्पल तुटायचीच. "वाघासारखं काळीज हाय आपलं," तो स्वतःच सांगायचा, "फक्त वाघ जरा भित्रा हाय."

या भित्रेपणाचं मूळ एका बाटलीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी गावचा एक माणूस रजेवरून परतला तेव्हा त्याच्याबरोबर मैमुनानं, म्हणजे हाशमच्या बायकोनं, अमृत कोकमाच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या. हाशम शहरातल्या शराफिया भागात जाऊन त्या घेऊन आला. शुक्रवारी दोस्तमंडळींबरोबर समुद्रावर जायचा बेत होता, म्हणून शहाण्यानं अर्धी बाटली पाण्यात घालून सरबत तयार करून ठेवलं. शुक्रवारी शिफ्ट लागली आणि बेत फिसकटला. सरबताची बाटली कंपनीच्या पिकअपमध्ये सीटखाली तशीच राहिली, जुलैच्या उन्हात, चांगले चार दिवस.

पाचव्या दिवशी हायवेवरच्या चेकपॉइंटला पोलिसानं गाडी थांबवली आणि इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मागितला. इकामा ठीक होता. तिथंच "शुक्रन" म्हणून निघायचं, तर तसं नाही. कोकणात दारात आलेल्या माणसाला, मग तो तलाठी असो की वीजबिल घेऊन आलेला असो, कोकम सरबत विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं. हाशमच्या आईनं हे वळण त्याला लहानपणीच लावलं होतं. पोलीस बिचारा उन्हात तापलेला, घामानं डबडबलेला. हाशमला सीटखालची बाटली आठवली. मोठ्या प्रेमानं त्यानं ती बाहेर काढली आणि पोलिसाच्या समोर धरून झाकण फिरवलं.

बाटली जी उडाली ती पोलिसाच्या छातीवर, दाढीवर आणि डोळ्यांत. लालभडक फेस, वर आंबूस वास. "एश हाजा?" पोलीस ओरडला. हे काय आहे, एवढंच तो विचारत होता. पण कोकमाला अरबीत काय म्हणतात हे राबिघमध्ये कुणाला ठाऊक असणार? हाशमनं खुणेनं सांगायचा प्रयत्न केला. क्रेनच्या खुणा सोडून त्याला दुसऱ्या खुणा येत नव्हत्या. पोलिसाला वाटलं, गडी प्यायलेलाच आहे; आणि त्या मुलखात दारू म्हणजे गुन्हा.

दोन दिवस तो कोठडीत होता. बाटली तपासायला गेली. तिसऱ्या दिवशी एका साहेबानं अरबीत लिहिलेला कागद पुढे केला, हाशमचा अंगठा घेतला, एक प्रत त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "यल्ला, रूह." चालता हो.

आता गंमत अशी, की हाशमला तो कागद वाचता येत होता. लहानपणी मदरशात मौलवींनी छडीच्या धाकानं कुराण शिकवलेलं. त्यामुळे कागदाचं अक्षरन् अक्षर तो खणखणीत उच्चारांसह वाचू शकला असता. कळत मात्र काहीच नव्हतं. मोठे शिक्के, खाली आपला अंगठा. अंगठा म्हणजे कबुली, हे त्याला ठाऊक होतं. गावात आजोबांची वाडी अशाच एका अंगठ्यानं गेली होती. म्हणजे आपण दारूचा गुन्हा कबूल केला, हे त्यानं पक्कं धरलं आणि कागद सुटकेसच्या अस्तरात शिवून टाकला. सुईदोरा घेऊन, दार लावून, स्वतः शिवला. टाके इतके वेडेवाकडे पडले होते की कुठल्याही चोराचं लक्ष आधी तिथंच गेलं असतं.

कागद कुणाला दाखवायची सोय नव्हती. दारूचा आळ आलेला सोलकर म्हटल्यावर जमातीत तोंड कुठं दाखवणार? आणि मैमुनाला सांगावं तर बाटली तिनंच पाठवलेली. ती जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती. घरी त्यानं सांगितलं, दोन दिवस शटडाऊनचं काम होतं, फोन बंद होता.

पुढे तीन वेळा कंपनीनं त्याला सुपरवायझर करायचं ठरवलं. सुपरवायझरला फॅमिली आणता येते, राहायला क्वार्टर मिळतं. फक्त फॉर्मला पोलिसांचा दाखला जोडायचा होता. पहिल्या वेळी हाशम म्हणाला, कंबर दुखते. दुसऱ्या वेळी म्हणाला, इंग्रजी जमत नाही. तिसऱ्या वेळी कारण सुचेना, तेव्हा म्हणाला, "माणसानं हाव धरू नये." हे वाक्य कॅम्पात, आणि फोनवरून गावातही, असं पसरलं की लोक त्याला साधुपुरुष समजायला लागले. शुक्रवारी नमाजानंतर एकानं तर आपल्या मुलाला फोनवर त्याचं उदाहरण दिलं. हाशम शेजारीच होता. त्यानं मान खाली घातली, आणि तीही नम्रताच ठरली.

या चौथ्या वेळी मात्र साधुत्व कामाला येईना. राबिघचं कंत्राट संपत होतं. कंपनीनं बजावलं, यान्बूच्या नव्या कामावर सुपरवायझर म्हणून जा, पंधरा दिवसांत दाखला आण. नाही तर फायनल एक्झिट, कायमचं गावी परत. मैमुनाची किडनीस्टोनची ट्रीटमेंट चालू होती, मुलगी अरवा नुकतीच कॉलेजात गेली होती. या वयात घरी बसून चालणार नव्हतं. हाशम कॅम्पातल्या टाइमकीपर मुझम्मिलच्या खोलीवर गेला. हा मुझम्मिल म्हसळ्याचा. वीस वर्षं अरबी साहेबांच्या हाताखाली काढलेला, त्यामुळे लिहायला-वाचायला तरबेज. दार लावून हाशमनं त्याच्यापुढे सगळं ओकलं; कागद मात्र सुटकेसच्या अस्तरातच राहू दिला.

मुझम्मिल पोट धरून हसला. मग म्हणाला, "हाशमभाय, अकरा वर्षांत रजेवर किती वेळा गेलाव?"

"पाच."

"विमानतळावर कुणी धरला?"

"नाय. दर वेळेला मना वाटायचां, आज नजरचुकीनं सुटलो."

"पाच वेळा नजरचूक? आणि दर वेळेला इकामा पण नजरचुकीनंच रिन्यू झाला?"

मुझम्मिलनं समजावून सांगितलं. आपल्या नावावर काय नोंद आहे ते कुणालाही विचारता येतं. फोनवरून अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, दाखला मिळतो. धरून सोडून दिलेल्याचं त्यावर काही येत नाही; शिक्षा झाली असेल तरच येतं. तीसुद्धा काही वर्षं उलटल्यावर नाव साफ करायचा वेगळा अर्ज असतो. "विचारायला कुणाची बंदी होती?" तो म्हणाला.

बंदी कुणाचीच नव्हती. हाशमनं स्वतःच स्वतःवर घातली होती.

ठसे द्यायच्या दिवशी त्यानं बोटं काचेवरून इतक्या वेळा मागे घेतली की शेवटी कारकुनानंच ती दाबून धरली. आठवड्याभरानं मुझम्मिलला बरोबर घेऊन तो दाखला आणायला गेला. दाखला अर्ध्या पानाचा होता. नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ, मुझम्मिल म्हणाला. हाशमला पटेना. सुटकेसचं अस्तर उसवून आणलेला जुना कागद त्यानं खिशातून काढला आणि खिडकीतून आत सरकवला. "याला सांग, हे पण पुसून टाक म्हणावं. काय अर्ज लागेल तो भरतो."

कारकुनानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला, शेजारच्याला बोलावून दाखवला, आणि दोघंही हसायला लागले. कागद परत बाहेर आला. मुझम्मिलनं तो वाचला, पण तो हसला नाही.

"काय लिवलाय?" हाशमनं विचारलं.

"लिवलाय की बाटलीत दारू नाय, आंबलेला फळांचा रस होता. हाशम सोलकरवर कसलाही गुन्हा नाय, त्याला इज्जतीनं सोडला. खाली तुमचा अंगठा, सुटकेची प्रत मिळाल्याबद्दल." त्यानं कागद घडी करून हाशमच्या हातात दिला. "हाशमभाय, तुमचां नाव साफ करणारा कागद हाच हाय. अकरा वर्षां सुटकेशीत होता."

बाहेर येऊन हाशम गाडीच्या सावलीत बसला. समोरून पोलिसाची गाडी गेली. या खेपेला चप्पल तुटली नाही. कुणाला तरी हे सांगावं असं त्याला वाटलं, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं. त्यानं मैमुनाला फोन लावला आणि बाटलीपासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःची टिंगल करत, पोलिसाच्या दाढीचं जरा वाढवूनच सांगितलं. ती हसेल म्हणून तो मध्ये मध्ये थांबत होता.

"आयकतंस ना?" त्यानं विचारलं. "क्वार्टर मिळतंय यान्बूला. पासपोर्ट काढ. अरवाचा पण."

"माझा काढतां," मैमुना म्हणाली. "तीन वेळा तुमी क्वार्टरला 'नाय' बोललाव. मना वाटलां, तुमाला आमीच तिथं नको झालाव. मी कवा विचारलां नाय."

"आणि अरवा?"

"अरवाची ॲडमिशन झाली रत्नागिरीला. ती आता कशाला येतंय? सात वर्षांची असताना रोज बॅग भरून ठेवायची, अब्बा कधी बोलावतंय म्हणून."

हाशम कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं तो फोनवर मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, मौलवींनी शिकवलं होतं तसं, एकही उच्चार न चुकता. मैमुनाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनं फोन ठेवला नाही.