रेतीतला आमचा हिस्सा

आमचं गाव वर्धा नदीच्या दोन धारांमधल्या उंचवट्यावर होतं. पावसाळ्यात त्याचं बेट व्हायचं आणि त्याचंच आम्हाला कौतुक, कारण पूर ओसरला की चहूकडे रेती मोकळी व्हायची. त्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लावायच्या, माल आष्टीच्या बाजारात न्यायचा, यावर गाव जगायचं. पुढं पुराचा काही नेमच राहिला नाही. कधी दिवाळीनंतर, कधी ऐन फाल्गुनात पाणी यायचं. सरकारनं दूर बरडावर प्लॉट दिले. पुरात आमच्या घराची भिंत बसली, बाबा आधीच गेलेले. म्हणून सगळ्यांत आधी आई आणि मी निघालो, बाकीचे तिथंच राहिले.

निघताना आईनं चूल फोडली. सोडलेल्या घरात अख्खी चूल ठेवत नाहीत, एवढं साधं.

दसऱ्यानंतर आई रेतीच्या वाटणीला गेली. रीत जुनी : गावात जितक्या चुली, तितके हिस्से. सख्खा काका सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "वहिनी, चूल तं तुमीच फोडली ना? मंग काऊन आल्या?"

बाया पदराआड हसल्या. आमचा पट्टा काकानं घेतला. मला त्याचा आजही राग येतो, आणि त्या हसणाऱ्या बायांचा जास्त.

बरडावर नुसता मुरूम. तिथं काय उगवणार, कपाळ! शेवटी आई त्याच पट्ट्यावर काकाकडे मजुरीला जायला लागली. काकू उठसूट सुनवायची, "बाई, वेल तुडवू नका, तुमची रेती नाई आता."

फाल्गुनात एके दुपारी आई लवकर घरी आली. वर कुठंतरी पाऊस झाला होता. धारेला गढूळ पाणी आलंय, काटक्या आणि फेस वाहतोय, हे तिनं पाहिलं होतं. वाडी टरबुजांनी भरलेली, दुसऱ्या दिवशी तोड. काका-काकू वाडीतल्या झोपडीत जेवत होते.

"मंग सांगतलं नाई त्यायले?" मी विचारलं.

"मले कोनी विचारलं?"

संध्याकाळी आमच्यामागून बरडावर आलेली शेजारीण सांगत आली : काका-काकू कसेबसे काठावर चढले, वाडी सगळी गेली, काकू ऊर बडवून रडून राह्यली. आई जेवत होती. ती उठली नाही.

शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "आई, तुही मजुरीबी गेली ना."

"जाऊ दे," आई म्हणाली आणि तिनं आणखी एक भाकर मागितली.