एक चाल वर, एक चाल खाली

आमच्या घरात बुद्धिबळ खेळणारे दोघं आहेत आणि दोघांनाही वाटतं की खरा खेळणारा घरात एकच आहे. एक माझे बाबा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसरे त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका. नाशिकला सिडकोत आमचं दुमजली घर आहे. वर आई, बाबा आणि मी, खाली काका. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. जेवणाचं ताट आई खाली पाठवते आणि संध्याकाळी सहाला बाबा खाली उतरून काकांच्या झोपाळ्यासमोर पट मांडतात, असा कित्येक वर्षांचा नेम होता.

तो दिवाळीत मोडला. त्या संध्याकाळी काका जिंकत आले होते. बाबांचा नुसता राजा उरला होता. काकांनी घाईनं वजीर अशा घरात नेला की बाबांच्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. बाबांनी टाळी वाजवली. "स्टेलमेट! डाव बरोबरीत."

"तुला हलता येत नाय म्हंजे तू हरला," काका म्हणाले. "बरोबरी कशाची?"

बाबा समजावून सांगायला लागले. आता बाबांचं समजावून सांगणं म्हणजे काय ते त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारावं. आवाज चढत नाही, पण समोरच्याला बाकावर उभं राहावंसं वाटतं. काका ऐकेनात तेव्हा बाबा बोलून गेले, "दादा, नियम वाचता यायला लागतात."

काका सातवीनंतर शाळा सोडून शेतात उतरले, म्हणून बाबा नाशिकला खोली घेऊन शिकू शकले. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी कधी बोलत नाही. काकांनी एकेक सोंगटी उचलून डब्यात भरली, डबा बाबांच्या हातात दिला आणि आत जाऊन टीव्ही लावला.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. घरातली पोस्टमन मी. "सांग त्यांना, टाकीत पाणी सोडलंय." "सांग त्याला, समजलं." सतरा पायऱ्या वर, सतरा खाली. सुरुवातीला मला हसू यायचं. मग राग यायला लागला. आणि संध्याकाळी कामावरून आले की काका झोपाळ्यावर एकटेच फाटकाकडे बघत बसलेले दिसायचे, तेव्हा वाईट वाटायचं, फार वाईट. वर बाबा त्याच वेळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचं नाटक करत असत. दोघांना पुन्हा एका पटावर बसवायचं, हे मी मनाशी ठरवलं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायचं काम करते. हंगामात तिथं द्राक्षं तोलून डब्यात भरणारं नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला एक चिनी इंजिनीअर आला. त्याला मराठी येत नव्हतं, मला चिनी. तो मोबाइलमध्ये बोलायचा आणि मोबाइल मला हिंदीत सांगायचा, बरेचदा भलतंच. आमच्या डब्यातली शेवभाजी त्यानं एकदाच खाल्ली. त्या दिवशी मोबाइलला काही सांगायची गरज पडली नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो क्रेट पालथी घालायचा, त्यावर कागदी पट पसरायचा आणि स्वतःशीच खेळायचा. कॅरमच्या सोंगट्यांसारख्या गोल चकत्या, एका बाजूच्या लाल, दुसऱ्या बाजूच्या काळ्या, प्रत्येकीवर एक चिनी अक्षर. मी दोन दिवस लांबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी समोर जाऊन बसले. बुद्धिबळवाल्यांच्या घरातली मी, मला वाटलं यात काय अवघड आहे!

पहिली सोंगटी मी चौकोनात ठेवली. त्यानं ती बोटानं सरकवून रेघेवर आणली. मी परत चौकोनात ठेवली, त्यानं परत सरकवली. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला. या खेळात सोंगट्या घरात बसतच नाहीत. जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं त्या उभ्या राहतात. पटाच्या मधोमध एक आडवा रिकामा पट्टा असतो, ती नदी. दोन्ही टोकांना फुलीची रेघ मारलेला छोटा चौक असतो, तो राजवाडा. राजा आणि त्याचे दोन वजीर त्या वाड्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. रथ आपल्या हत्तीसारखा सरळ पळतो. आणि तोफ! तोफ चालते रथासारखी, पण मारताना तिला मध्ये कुणीतरी एक लागतो, आपला किंवा परका. त्याच्या डोक्यावरून उडी मारून ती पलीकडच्याला मारते. मध्ये कुणी नसेल तर ती कुणाला मारू शकत नाही.

दहा-बारा दिवसांत मला बऱ्यापैकी जमायला लागलं. घरचं भांडण डोक्यात होतंच, म्हणून एकदा मी मुद्दाम मोबाइलला विचारलं, शह नाही पण हलायला जागाही नाही, तर काय? इंजिनीअरनं मान हलवली. मोबाइल म्हणाला, जो हिल नहीं सकता, वह हार गया. म्हणजे काकांचंच खरं! मी पोट धरून हसले पण हसण्याचं कारण मला त्याला काही सांगता आलं नाही.

जाताना तो पट मलाच देऊन गेला. सोबत नियमांची छोटी पुस्तिका, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चिनीत, मधे मधे पटाची चित्रं. बसमध्ये ती चाळताना मला सुचलं की हा खेळ दोघांनाही येत नाही. इथं मास्तर कुणीच नाही. मास्तर असलेच तर मी.

पॅकहाऊसमधले गोल स्टिकर चकत्यांवर चिकटवून मी त्यावर मराठी अक्षरं लिहिली आणि वर बाबांसमोर पट मांडला. हलायला जागा नसेल तर काय, तेवढा एक नियम मात्र मी गिळला. तो सांगितला असता तर दिवाळी परत आली असती.

बाबांनी वही काढली. "नऊ उभ्या, दहा आडव्या. नव्वद जागा," असं लिहून खाली रेघ मारली. घोड्यावर ते नाराज झाले, कारण या खेळात घोड्याच्या अगदी पुढ्यात कुणी उभं असेल तर त्याला त्या बाजूला जाता येत नाही. "घोडा आणि उडी मारत नाही? मग तो घोडा कसला?" प्याद्यावर तर ते चिडलेच. इथलं प्यादं सरळ चालतं, सरळच मारतं, नदी ओलांडली की बाजूलाही सरकू शकतं, पण शेवटच्या रेघेवर पोचलं तरी त्याचा वजीर होत नाही. "एवढं चालून गेलं आणि बढती नाही?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाली काकांना शिकवलं. घोडा त्यांना लगेच पटला. "बैलाच्या पुढ्यात धोंडा ठेव, हलतो का? बरोबर हाय." प्याद्याचंही पटलं. "वजीर कशाला व्हायला पाहिजे? प्यादं ते प्यादं. पण नदीपल्याड गेलं की त्याला मान हाय, बघ."

हत्तीपाशी मात्र दोघांनी एकच चूक केली. या खेळातला हत्ती तिरपा दोन पावलं जातो आणि नदी ओलांडत नाही. पण आपला हत्ती जन्मापासून सरळ पळत आलेला. बाबांनी तो सरळ नेला, नदीपार, माझ्या रथावर. काकांनीही सरळ नेला, नदीपार, माझ्या रथावर. मी अडवलं तर वर बाबा म्हणाले, "अगं, हत्ती आहे तो!" आणि खाली काका म्हणाले, "अगं, हत्ती हाय त्यो!" शिवाय काकांनी ऐकवलं, "कुंभमेळ्यात मी डोळ्यानं हत्ती पाह्यलाय गोदावरीत. आणि ह्यांचा नदीला घाबरतो?"

"ते कसे खेळतात?" बाबांनी मला वर विचारलं. "तो कसा खेळतो?" काकांनी खाली विचारलं. चेहरा असा, की जणू सहज विचारतोय.

"चांगलं खेळतात," मी दोघांनाही सांगितलं. आता गाडी रुळावर आली असं वाटून मी बाबांना म्हटलं, चला खाली. ते म्हणाले, आज नको. काकांना म्हटलं, चला वर. त्यांचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. मी इतकी वैतागले की द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर दुसरा पट आखला, बाटल्यांच्या झाकणांच्या सोंगट्या केल्या आणि जाहीर केलं की चाली मी पोचवीन. खरा पट वर, पुठ्ठ्याचा खाली.

बाबा लाल, काका काळे. रोज संध्याकाळी एक चाल वर, एक चाल खाली. कधी चार चाली व्हायच्या, कधी सहा. आई पोळ्या लाटता लाटता माझी ये-जा बघायची. दोन राजे एका रेघेत समोरासमोर आले आणि मध्ये कुणीच नसेल तर या खेळात चालत नाही, हा नियम मी तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू मध्येच उभी राहा. आणि जाताना काकांची आमटी घेऊन जा."

अकरा दिवस तो डाव चालला. काकांनी तोफेनं बाबांचा एक रथ टिपला त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा पाजला. बाबांनी पुढच्या दोन दिवसांत वचपा काढला. मारामारी होत होत शेवटी काकांचा नुसता राजा उरला, वाड्याच्या मागच्या कोपऱ्यात. बाबांचा राजा आणि नदी ओलांडून गेलेलं एक प्यादं उरलं. बाबांनी ते प्यादं एक पाऊल बाजूला सरकवलं. मी खाली जाऊन झाकण सरकवलं.

काकांनी बोटानं एकेक जागा तपासली. पुढच्या जागेवर प्याद्याची नजर. बाजूला मधल्या रेघेवर यावं तर बाबांचा राजा थेट समोर. शह नव्हता, पण जागाही नव्हती.

"सांग त्याला, मी हरलो."

मी वर गेले. बाबा चष्मा काढून उभे राहिले. "हरले कसे? शह कुठं आहे? बरोबरी आहे ही. सांग त्यांना."

मी खाली. "बरोबरी कशाची? हलता येत नाय म्हंजे हरला. दिवाळीला मी हेच बोललो व्हतो. आज माझ्यावर आलं तर शब्द फिरवू का?"

मी वर. "त्यांना म्हणावं, मी असा डाव घेणार नाही."

मी खाली. "त्याला म्हणावं, घ्यावा लागंल."

माझा पारा चढला. जिन्यात मधल्या पायरीवर मी बसकण मारली आणि ओरडले, "आता एक पायरी चढणार नाही आणि उतरणारही नाही!"

मग काका खालून ओरडले, "अरे, जिंकला तर जिंकलो म्हण की!"

बाबा कठड्यावरून वाकले. "दादा, उगाच हरू नका!"

चार महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलत होते आणि तेही भांडत, एकमेकांच्या बाजूनं. काकांनी मला विचारलं, "तो चिनी काय म्हनला व्हता गं?"

"आठवत नाही," मी म्हटलं. चिनी नियमानं काकांचं म्हणणं खरं होतं आणि डाव बाबांचा होता. पण ते सांगितलं असतं तर दोघं गप्प बसले असते, आणि मला दोघांना गप्प बसवायचं नव्हतं.

"मग पुस्तकात काय दिलंय?" काका म्हणाले. म्हणून गेले आणि थांबले. मग वर बाबा आत गेले, पुस्तिका घेऊन आले आणि पायरीवर माझ्या बाजूनं अंग चोरून खाली उतरले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते झोपाळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी पुस्तिका उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. नंतर ती तशीच उघडी काकांपुढे धरली.

"दादा," बाबा म्हणाले, "मला यातलं काही वाचता येत नाही."

काकांनी पुस्तिका हातात घेतली आणि चष्मा नव्हता म्हणून लांब धरून पाहिली. ती उलटी होती. त्यांनी ती सरळ केली आणि झोपाळ्यावर जरा सरकून शेजारी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "चित्रं हायेत की. दोघं मिळून बघू."