कानवाले काका, कमळवाले आजोबा

लहानपणी आम्हाला कुणी विचारलं, "तुमची मावशी कुठे असते रे?" तर आम्ही भावंडं एका सुरात सांगायचो, "तुरुंगात!" विचारणाऱ्याचा चेहरा उतरला की आम्हाला हसू आवरत नसे. आई चिडायची. "नोकरीला आहे म्हणावं, नोकरीला!" मावशी मात्र आमच्याच बाजूची. "मी रोज आत जाते आणि रोज सुटते," ती म्हणायची. "वागणूकच इतकी चांगली आहे माझी."

बायकांच्या तुरुंगात एक बालवाडी होती आणि मावशी तिथे शिकवायची. शिक्षा झालेल्या बाईचं मूल तान्हं असलं आणि बाहेर त्याला सांभाळणारं कुणी नसलं, तर ते आईबरोबर आतच वाढायचं. सहा वर्षांचं झालं की त्याला बालगृहात पाठवायचे. तोवर दिवसभर त्याला गुंतवून ठेवायचं काम मावशीचं.

बालवाडी म्हणजे विणकामाच्या शेडला लागून असलेली एक खोली. पूर्वी तिथे सूत ठेवत. खिडकी होती, पण छताजवळ. मुलांनी बाहेरचं जग पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचे खेळही आतलेच. एक खेळ गिनतीचा. सगळ्यांनी ओळीने उकिडवं बसायचं आणि एकाने मोजत जायचं. बाहुलीला भरवायच्या आधी तिची झडती घ्यायची. मावशीने तक्त्यावरची नदी दाखवली, तर एकाने विचारलं, "नळ कुणी उघडा ठेवला?" घरी येऊन ही गोष्ट सांगताना मावशी हसली. मग हसता हसता मध्येच थांबली आणि हात धुवायला मोरीत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मावशीला चित्रकला शिकायची होती. आमच्या आजोबांनी तो विषय घरात निघू दिला नाही. मग तिने लहान मुलांसाठीची चित्रकारांची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. एका चित्रकाराचं एक पुस्तक, पानभर चित्र, खाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी. ती पुस्तकं तिच्या खाटेखाली पेटीत असायची आणि आम्हाला हात धुतल्याशिवाय मिळायची नाहीत. एक दिवस तिने त्यातलं एक तुरुंगात नेलं.

फाटकावरच्या पहारेकरीण बाईंनी पान न् पान तपासलं आणि मधल्या पिना उपटून काढल्या. "तार आत जात नाही, बाई." पुस्तकाचे सुटे कागद झाले. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक आधी घरी उसवायचं आणि जाड दोऱ्याने शिवून न्यायचं, असा रिवाज पडला. आम्ही पानं धरून बसायचो, मावशी टाके घालायची.

मुलांनी चित्रकारांना चटकन नातेवाईक करून टाकलं. मुळात त्यांना नातेवाईक नव्हतेच. ज्याने रागाच्या भरात स्वतःचा कान कापला आणि पिवळीधमक सूर्यफुलं रंगवली, ते कानवाले काका. म्हातारपणी डोळे अधू झाले तरी तळ्यातली कमळंच रंगवत बसले, ते कमळवाले आजोबा. अपघातानंतर खाटेवर पडून, वर आरसा टांगून स्वतःचंच चित्र काढणारी, ती आरशातली मावशी. "तिला पण आत ठेवलं होतं?" मुलं विचारायची. "हो, खाटेवर." मुलांना ते पटायचं.

त्यांच्यात एक मुलगी होती. तिला सगळे गुंडी म्हणायचे, कारण होतीच ती तशी गोल आणि चकचकीत. तिची आई शिवण विभागात कामाला होती. तुरुंगात तिला शिवणवाली म्हणत. नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप झाली होती. बाई अबोल. मुलीला सोडायला यायची, दारात तिचे केस नीट करायची आणि जायची. गुंडी मात्र दिवसभर बोलायची.

कानवाल्या काकांचं एक चित्र होतं. रात्रीचं निळं आकाश, त्यात भोवऱ्यासारखे गरगरणारे तारे. गुंडीने ते पाहिलं आणि पान उलटूच देईना.

"हे त्यांनी कुठून बघितलं?"

"खिडकीतून. आजारी होते, दवाखान्यात राहायला गेले होते. तिथल्या खोलीच्या खिडकीतून दिसलेलं आकाश."

"खिडकीला गज होते?"

"होते."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कानवाले काका आता पुरतेच घरचे झाले.

"कुणी कोंडलं त्यांना?"

"कुणी नाही. आपणहून गेले."

यावर सगळी बालवाडी हसत सुटली. "आपणहून कोण जातं!" गुंडी म्हणाली.

"का, मी नाही येत?" मावशी म्हणाली. तशी गुंडी विचारात पडली.

मग तिने विचारलं, "खरं आकाश असं फिरतं का?"

 तेव्हा मावशीच्या लक्षात आलं, की या मुलांनी तारा पाहिलेलाच नाही. दिवस मावळायच्या आत गिनती व्हायची, बराकीला टाळं लागायचं आणि बराकीच्या खिडक्या समोरच्या भिंतीकडे उघडायच्या. ती अधीक्षक बाईंकडे गेली. एक संध्याकाळ, फक्त मुलांना, अंधार पडल्यावर अंगणात घटकाभर उभं करू द्या, एवढंच मागितलं.

"आज तारे मागताय," अधीक्षक बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "उद्या मुलांच्या आया मागतील. टाळं एकदा उघडलं की कुणासाठी उघडलं, हे मी कुणाला सांगत बसू?"

गुंडीला सहावं संपत आलं, तेव्हा शिवणवाली पहिल्यांदा मावशीशी चार वाक्यं बोलली. "तिला तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही. मी सांगायला गेले तर मी रडेन आणि तिला वाटेल बाहेर काहीतरी वाईट आहे."

मावशीने ते काम पुस्तकं घेऊन केलं. बाहेर गेलीस की सूर्यफुलं दिसतील. तळं दिसेल. रात्री वर बघितलंस की तारे. हे सगळं चित्रातलं खरंच बाहेर आहे, गुंडे, तू जाऊन बघायचंस फक्त. मुलगी इतकी हुरळली, की जायच्या दिवशी आईचा हात सोडून आपणच गाडीत चढून बसली. शिवणवाली गाडी जाईपर्यंत हसत उभी राहिली. मग ती तिथेच, फाटकापाशी, जमिनीवर बसली आणि तिला उचलून आत न्यावं लागलं.

मुलीला महिन्यातून एकदा भेटीला आणतील असं ठरलं होतं. पण बालगृहात तिच्या सोबतीला पाठवायला माणूस नव्हता. पहिला महिना गेला, दुसरा गेला. शिवणवाली रोज सकाळी मावशीकडे नुसती बघायची. शेवटी मावशी सुट्टीच्या दिवशी बालगृहात गेली. तुरुंगातल्या नोकरांनी कैद्यांच्या घरच्यांशी संबंध ठेवायचा नाही, असा नियम होता. तिने कचेरीत सांगितलं, "मी तिची मावशी."

बालगृह गोदामांच्या मागच्या बोळात होतं. खिडक्यांना जाळ्या आणि जाळ्यांवर रंगाचे थर. अंगणात उंच खांबावर मोठा दिवा, तो रात्रभर जळायचा. गुंडीचे केस बारीक कापले होते. ती धावत आली नाही. जवळ येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात बाहेर सगळं आहे," ती म्हणाली. "हे बाहेरच आहे ना?"

मावशीने त्या रात्री घरी जेवण केलं नाही. आईने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी त्या पोरीला फसवलं, आक्का." आई म्हणाली, "तू तिला हौसेनं गोष्टी सांगितल्यास. फसवलं काय त्यात?" मावशीने मान हलवली, पण ते तिच्या मनाला लागलं ते लागलंच.

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली आणि गुंडीला फिरवून आणते म्हणाली. दिवेलागणीच्या आत परत यायच्या अटीवर परवानगी मिळाली. ती अट आपण मोडणार, हे मावशीला तेव्हाच माहीत होतं. दिवे लागायच्या आत तारे कुठून दिसणार?

दोघी बसने गावाच्या टोकाला गेल्या. बसमध्ये गुंडी पूर्वीसारखी झाली. खिडकीबाहेर बोट करून करून तिने मावशीला दमवलं. शेवटच्या थांब्यापुढे मोकळा माळ होता. तिथे उतरून दोघी थोड्या आत चालत गेल्या, दगडावर बसून बिस्किटं खाल्ली. सूर्य बुडाला. गुंडी इकडेतिकडे बघायला लागली.

"बाई, भिंत कुठाय?"

"इथे नाहीये भिंत."

"मग हे संपतं कुठे?"

"संपत नाही, बाळा. असंच पुढे पुढे जातं."

ती गप्प झाली. मावशीला वाटलं, बघतेय. अंधारत गेलं तसे तारे एकेक उमटले आणि मग पाहता पाहता आभाळ भरून गेलं. मावशीने तिची हनुवटी वर केली. "बघ, गुंडे. कानवाल्या काकांचं."

गुंडीने वर पाहिलं. तिने मावशीच्या पोटात डोकं खुपसलं.

"मिटा," ती म्हणाली.

"काय?"

"बाई, मिटा ते. मिटा ना!"

पुस्तक मिटावं तसं. ती किंचाळायला लागली. तिचे कपडे ओले झाले. आकाश आपल्यावर पडतंय, असं वाटून ती जमिनीला घट्ट धरू पाहत होती. मावशीने तिला उचललं, स्वतःच्या शालीत डोक्यापासून गुंडाळलं आणि रस्त्याकडे पळत सुटली. बस लवकर मिळाली नाही. थांब्याच्या छपराखाली, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसल्यावर ती पोर शांत झाली.

परतल्या तेव्हा बालगृहात पोलीस येऊन बसले होते. मावशी गुंडीची मावशी नाही, हे उघड झालं. चौकशीत शब्द वापरला गेला, "पळवलं." मावशीने नाकारलं नाही, खुलासाही केला नाही. नोकरी गेली. तुरुंगाचं फाटक आणि बालगृहाचं दार, दोन्ही तिला कायमची बंद झाली. आई बरेच दिवस तिच्याशी नीट बोलत नव्हती. आम्हाला मात्र आईने बजावून ठेवलं, मावशीला काही विचारायचं नाही.

पुढे फाटकावरच्या पहारेकरीण बाई एकदा बाजारात भेटल्या. बालवाडीला नवीन माणूस मिळालाच नाही, खोलीत पुन्हा सूत भरलं, असं त्यांनी सांगितलं. आणि पुस्तकं? त्या जरा घुटमळल्या. "फळ्यांवर अंथरलीत, बाई. सुताला धूळ लागते ना."

मावशीला नंतर एका पाळणाघरात काम मिळालं. तिथे ती मुलांना गाणी शिकवायची, गोष्टी सांगायची, नाकं पुसायची. चित्रांचं पुस्तक तिने तिथे कधी उघडलं नाही. खाटेखालची पेटी तिने माझ्या धाकट्या बहिणीला देऊन टाकली.

बऱ्याच वर्षांनी शिवणवाली सुटली. आमचं घर शोधत आली. केस पिकलेले, पाठ वाकलेली. ती आणि मावशी स्वयंपाकघरात बसल्या. त्या माळावर काय घडलं, ते मावशीने तिला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. शिवणवाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नेलंत तरी. आणखी कुणी नेलं असतं?" मावशीला ते ऐकवेना.

गुंडी तोवर बालगृहातून बाहेर पडून दुसऱ्या गावी औषधांच्या कारखान्यात कामाला लागली होती. मावशीने पत्ता मिळवला आणि एकटीच जाऊन आली. कारखान्याच्या दाराशी दोघी उभ्या उभ्याच बोलल्या. मुलगी सभ्यपणे वागली. म्हणाली, "माझा तुमच्यावर राग नाही. आईवरही नाही. पण मला भेटायला येऊ नका, दोघीही. मला इथे कुणी काही विचारत नाही, ते मला बरं वाटतं."

मावशी परत आली तेव्हा शिवणवाली आमच्याकडेच वाट बघत बसली होती. मावशीने निरोप जसाच्या तसा सांगितला.

"कशी दिसते?" शिवणवालीने विचारलं.

"उंच झालीये. डाव्या हाताने लिहिते. हजेरीवर सही करताना पाहिलं."

"डावरी होतीच ती," शिवणवाली म्हणाली. "जेवताना मी तिचा हात बदलायची."

आईने तिला जेवून जायचा आग्रह केला. ती नको म्हणाली, कपडे शिवायच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचं होतं तिला. मावशी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली.