शुक्रवारी लागला, गुरुवारी पाहिला

शूटिंगसाठी भाड्यानं आणलेलं सामान परत द्यावं लागतं. लाईट जातात, कॅमेरा जातो, जेवणाची पातेली जातात. किस्से मात्र परत न्यायला कोणी येत नाही! ते घरातच पडून राहतात आणि पाहुणे आले की बाहेर निघतात. माझ्या बायकोला, मेधाला, सगळे पाठ आहेत. सांगताना मी कुठे घसरलो की ती स्वयंपाकघरातून दुरुस्ती करते.

मी चाकणच्या एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी खात्यात होतो आणि पिंपरीच्या एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचो. पुढे एक सिनेमाही केला. हे सगळं ज्यांच्या जिवावर झालं, त्या मंडळींचे हे किस्से.

*

माझी समीक्षा सुरू झाली ती साप्ताहिकात नव्हे, कंपनीच्या बसमध्ये. सेकंड शिफ्ट असली की शुक्रवारी सकाळचा शो बघून मी कासारवाडीला बस पकडायचो. ड्रायव्हर बबनराव काळोखे, जुने चिखलीकर. मी चढलो की त्यांचा प्रश्न ठरलेला, "साहेब, बघायचा का न्हाई? एका शब्दात सांगा, फुडं सिग्नल हाय."

आमच्या खात्यात पार्टला गेज लावून माप तपासतात आणि तीनच शेरे मारतात. ओके, रिवर्क म्हणजे दुरुस्त करा, स्क्रॅप म्हणजे भंगारात टाका. मी सिनेमालाही तेच मारायला लागलो. अख्खी बस खूष!

एकदा एका संथ, कलात्मक सिनेमाला मी 'ओके' देऊन बसलो. त्यातला नायक अर्धा सिनेमा विहिरीत डोकावतो. बबनराव माझ्या शब्दावर बायको, मुलं आणि गावाहून आलेल्या मेव्हण्याला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मोशीपर्यंत त्यांनी नुसती बस चालवली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, त्यो तुमचा गेज एकदा तपासून घ्या!"

आजही परीक्षण लिहायला बसलो की आधी मला बबनरावांचा मेव्हणा आठवतो. त्याचा माझ्या लिखाणाला फार फायदा झाला आहे.

*

धनंजय नावाचा एक दिग्दर्शक होता. त्याच्या सिनेमाला मी साप्ताहिकात चांगलंच झोडपलं. दोन-तीन दिवसांनी कंपनीच्या गेटवरून फोन आला, "सर, कोणी डायरेक्टर आलेत तुम्हाला भेटायला. रागात वाटतात."

पण पाहुणा कितीही रागात असला तरी सेफ्टीची फिल्म बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणाला आत सोडत नाहीत. धनंजयला हेल्मेट घातलं, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवला आणि एका खोलीत बसवून फिल्म लावली. ती फिल्म मीच केलेली! 'सिनेमातलं कळणारा' कंपनीत मी एकटाच, अशी साहेबांची समजूत होती.

मी धावतपळत पोचलो तर हा हेल्मेटसकट हसत बसलेला.

"ही तुमची?"

"हो."

"मशीनमध्ये हात जाता जाता वाचतो, तो शॉट कडक आहे. बाकी लांबलंय. आणि तो सायरन सारखा सारखा कशाला?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग फिटंफाट!" म्हणत त्यानं हात पुढे केला. कॅन्टीनमध्ये आम्ही वडा-सांबार खाल्लं. हेल्मेट काढायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

याच माणसानं पुढे मला शेजारी बसवून एडिटिंग शिकवलं. एकदाही टोमणा मारला नाही असं मी म्हणणार नाही, रोज मारला! पण हातचं काही राखलं नाही. ज्याला छापून झोडपलं त्यानं असं वागावं, हे माझं नशीब. त्याचे उपकार मला फेडता येणार नाहीत आणि फेडायचेही नाहीत.

*

बाहेरच्यांना आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मेधा शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. आम्ही दोघं एकाच दिवशी घरात दिसलो तर शेजारी दार वाजवून विचारतात, "कोणी आजारी आहे का?"

त्यातूनच माझा सिनेमा 'सुट्टीचा वार' सुचला. नवरा नाईट शिफ्टला, बायको सकाळच्या फर्स्टला, दोघांची खरी भेट फक्त गुरुवारी. नायिका आमच्या असेंब्ली लाईनवरच्या सुनंदाताई कांबळे. जयंतीच्या नाटकांत लहानपणापासून कामं केलेल्या, कॅमेऱ्याला काडीचं न घाबरणाऱ्या. नायक मेंटेनन्सचा प्रकाश, लातूरकडचा. तो कॅमेऱ्याला इतका घाबरायचा की ते घाबरणं अभिनय म्हणून खपून गेलं! कलाकार कंपनीतले, म्हणून शूटिंगही गुरुवारीच.

पहिल्याच गुरुवारी सीन होता नवरा-बायको मिळून मटण खातात त्याचा. ताटं वाढली आणि प्रकाश हळूच म्हणाला, "सर, माझा गुरुवार आहे. उपास आहे बघा."

"अरे, आधी सांगायचंस!"

"तुम्ही मटण आहे म्हणून कुठं सांगितलं?"

सुनंदाताई म्हणाल्या, "मला कसला गुरुवार! मला चालतं, वाढा." मग त्यांच्या ताटात खरंखुरं मटण आणि प्रकाशच्या ताटात तिखट घालून लाल केलेला उकडलेला बटाटा. ताई प्रत्येक रिटेकला नव्या उत्साहानं जेवत होत्या. प्रकाश बटाटा चिवडत त्यांच्या ताटाकडे बघत होता.

सिनेमा लागल्यावर एका समीक्षक मित्रानं लिहिलं, 'नायकाच्या नजरेतली भूक ही दोन शिफ्टमध्ये विभागल्या गेलेल्या संसाराची अतृप्ती आहे.'

मी ते कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रकाश म्हणाला, "सर, ती मटणाचीच होती."

*

चाकणच्या रस्त्यावर एका गुरुवारी आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अशी अडकली की दिवस वाया जाणार हे नक्की झालं. मेधा त्या दिवशी रजा टाकून मदतीला आली होती. ती म्हणाली, "अडकलाच आहात तर इथेच काढा ना सीन!"

बाजूला कांद्यानं भरलेला ट्रक उभा होता. त्याच्यासमोर उभं राहून प्रकाश आणि सुनंदाताईंचं भांडण आम्ही चित्रित करायला घेतलं. प्रकाश वाक्य विसरायचा, की पुन्हा पहिल्यापासून. ट्रक ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकवून बघत होता. तिसऱ्या-चौथ्या टेकपासून प्रकाशचं वाक्य तोच आधी पुटपुटायला लागला.

अखेर पुढचा रस्ता मोकळा झाला. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कालवा केला. पण ट्रक जागचा हलेना! ड्रायव्हरनं आधी माझ्याकडे बघितलं.

"हो गया क्या साहब? या एक और?"

मी लाजत लाजत म्हणालो, "एक और."

तो थांबला! मागून काय काय शिव्या आल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. श्रेयनामावलीत मी 'कांद्याचा ट्रक' असं लिहून आभार मानलेत. कुठे असेल तिथे सुखात असो.

*

सिनेमा शुक्रवारी लागतो. देशात सगळीकडेच. पण आमच्या लोकांची सुट्टी गुरुवारी! म्हणजे ज्यांचा सिनेमा, ज्यांनी कामं केली, त्यांना घरच्यांना घेऊन तो बघायला सातवा दिवस उजाडायला हवा. आणि छोटा मराठी सिनेमा सातव्या दिवसापर्यंत टिकतो कुठे?

सोमवारी आमचा एकच शो उरला, सकाळचा. मंगळवारी थिएटरचे मॅनेजर साळवी म्हणाले, "मला वाईट वाटतं हो. पण उद्याही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर गुरुवारी नाही ठेवता येणार."

मी आयुष्यात बरेच सिनेमे स्क्रॅप केलेत. पण त्या मंगळवारी बसमध्ये बसलो आणि मला रडू आलं. सुनंदाताईंनी आईला गावाहून बोलावून घेतलं होतं, गुरुवारसाठी. प्रकाशनं अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात्तिच्या! येवढंच ना?"

बुधवारी सकाळी नाईट सुटलेली बस त्यांनी थेट थिएटरसमोर उभी केली. मागं वळून म्हणाले, "आपला शिनेमा हाय. ज्याला घरी जायाचं त्यानं जावा, मी काय न्हाई म्हनत न्हाई." एकजण उतरून घरी जाईल तर शपथ! रावेतच्या दुसऱ्या बसलाही त्यांनी फोन लावला होता.

हॉल भरला. साळवी दारातून खुर्च्या मोजून समाधानानं गेले. शो सुरू झाल्यावर मी आत डोकावलो. रात्रभर मशीनवर उभी राहिलेली माणसं, वर एसी आणि मऊ खुर्ची! सगळा हॉल गाढ झोपलेला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत घोरणं.

मी बबनरावांकडे बघितलं.

"झोपू द्या," ते म्हणाले. "उद्या बघत्याल."

माझ्या सिनेमाला त्याहून मोठी दाद मिळालेली नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

*

गुरुवार उजाडला. मेधानं पुन्हा रजा टाकली. "शाळेत काय सांगितलंस?" मी विचारलं. "नवऱ्याची सुट्टी आहे म्हणून," ती म्हणाली.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नवीन साड्या, तेल लावून भांग पाडलेली पोरं, पिशव्यांतून आणलेला चिवडा. सुनंदाताई आईला मधल्या रांगेत घेऊन बसल्या होत्या. उद्या सिनेमा उतरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मध्यंतरानंतर सिनेमात एक लांबलचक शॉट आहे. नाईट करून आलेला नवरा दिवसाउजेडी झोपला आहे आणि सुनंदाताई त्याच खोलीत भांडी घासतायत. आवाज न करता. एकेक वाटी फडक्यावर ठेवतात, नळ बारीक सोडतात. एवढंच. संवाद नाही, संगीत नाही. बहुतेकांनी परीक्षणात लिहिलं होतं की हा शॉट कापायला हवा होता.

तो शॉट सुरू झाला आणि माझ्या पुढच्या रांगेत एका माणसाचा फोन खणखणला. त्यानं तो उचलून मोठ्यानं म्हटलं, "हां, बोल रे!"

दोन खुर्च्यांपलीकडची एक बाई पुढे वाकली. डोळे पडद्यावरच. दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, हळू बोला की! नाईट करून आलाय तो!"

त्या माणसानं फोन पोटाशी धरला, चपला काढून हातात घेतल्या आणि वाकून, अनवाणी, हळूच बाहेर गेला.